अब्रहेतचं एक वाक्य

अब्रहेत आईचं बोट धरून आफ्रिकेतल्या अस्माराहून रोमला आली, तिथेच लहानाची मोठी झाली. १९६२ साली तिला एका विनोदी प्रेमपटात मोलकरणीचं काम मिळालं. वाक्य एकच होतं, "साहेब तुमचीच वाट बघून आत्ता बाहेर पडले." ते तिने आठवडाभर आरशासमोर घोकलं.

सिनेमा लागला तेव्हा ती दुपारच्या खेळाला एकटीच गेली. आई वारली होती, सोबत यावं असं कुणी उरलं नव्हतं. पडद्यावर तिचे ओठ हलले आणि भलत्याच बाईचा आवाज आला, "सायेब नाही घर! तू वाट बघतो!" थिएटर खो खो हसलं.

दुसऱ्या दिवशी तिने डबिंगचं काम बघणाऱ्या तोस्कीला गाठलं. "माझा आवाज का काढलात?"

"अगं, तू फारच शुद्ध बोललीस. काळी मोलकरीण वाटेचना! लोक हसले ना? मग झालं तर!"

परतताना ट्राममध्ये शेजारच्या म्हातारीने वेळ विचारली. अब्रहेतने तोंड उघडलं आणि परत मिटलं. तिने मनगटावरचं घड्याळ तिच्यापुढे धरलं.