हेतुहामींचा नोकर

“हेतुहामींचा नोकर, दिंगिराळ!”

मी यादीतलं नाव वाचलं, पण मान वर केली नाही. रस्त्याच्या कडेला पंचेचाळीस माणसं फावडी-टोपल्या घेऊन उभी होती. वर्षातले सहा दिवस सरकारच्या रस्त्यावर फुकट राबायचं, असा कायदा होता. कोण आलं, कोण नाही हे पुकारून बघायचं काम गावचा आराच्ची, म्हणजे सरकारने नेमलेला गावमुखी म्हणून माझ्याकडे होतं. एरवी नाव पुकारलं की कुणी “आहे हो” म्हणे, कुणी “अजून तरी जिवंत आहे, राळहामी” म्हणून हशा पिकवी. या एका नावाला मात्र कुणी हसत नसे.

“हजर,” दिंगिराळ म्हणाला आणि फावडं उचलून चालू लागला.

नोकर ठेवण्याइतकं बरं आमच्या गावात कुणाचंच नव्हतं. हेतुहामी आणि दिंगिराळ हे सख्खे भाऊ, एका आईचे. हे त्या पंचेचाळीस जणांना ठाऊक होतं, रस्त्याच्या कडेच्या म्हशींनासुद्धा ठाऊक असेल. पण यादीची एक प्रत कचेरीत होती आणि एक खालच्या गावच्या आराच्चीकडे. तिच्यात जे लिहिलं होतं तेच मला वाचावं लागे. आणि लिहिलं होतं मीच, माझ्या वळणदार अक्षरात.

ते कसं झालं ते सांगतो. सांगताना मला स्वतःला फार बरा दाखवायचा मोह होईल, तेवढा माफ करा.

आमच्या डोंगरात दोन भावांनी मिळून एक बायको करायची, यात आक्रीत काहीच नव्हतं. भाताची खाचरं उतरणीवर, हाताएवढी. त्यांचे दोन तुकडे केले तर दोन्ही घरं उपाशी. म्हणून एक शेत, एक चूल, एक बायको. माझ्या आज्याला दोन बाप होते आणि तो दोघांचीही नावं छाती पुढे काढून सांगायचा. मग सरकारचा कायदा आला. लग्न वहीत लिहिलं तरच ते लग्न, आणि बाईला नवरा एकच. ती वहीही माझ्याच घरी आली. लाल कापडाच्या बांधणीची होती. मी ती तांदळाच्या पेटीत ठेवायचो, वाळवी लागू नये म्हणून.

एतनाला शोधून आणली ती दिंगिराळने. तीन वेळा डोंगर ओलांडून तो तिच्या बापाकडे चाळीस-चाळीस विड्याची पानं घेऊन गेला होता. तिसऱ्या खेपेला जळवा चावून पाय रक्तबंबाळ झाले, तेव्हा कुठे म्हातारा हो म्हणाला. पण लग्न लिहायला आले तेव्हा वहीत नवऱ्याला रकाना एकच. दिंगिराळ आणि मी भिक्षूंच्या मठात एका पाटीवर अक्षरं गिरवलेले. तो मला ‘अप्पू अय्या’, म्हणजे अप्पूदादा म्हणायचा, कारण मी त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा. मी टाक हातात घेऊन त्याच्याकडे पाहिलं.

“अय्याचं लिही की,” तो थोरल्या भावाकडे बोट करून म्हणाला. “थोरला असताना माझं कसं लिहिशील?”

“तुला चालेल?”

“न चालायला काय झालं? एतना काय वहीत राहायला येणारेय का?”

तेव्हा मी म्हणालो, “अरे, कागद लहान असतो. त्यात एकच मावतो. घरात दोघं मावतात.” या वाक्यावर मी इतका खूश झालो की पुढे दहा घरांत ते ऐकवलं. मुतुमेनिका जन्मली आणि थोरल्याला लोकुअप्पा, धाकट्याला कुडाअप्पा, म्हणजे मोठा बाप आणि लहान बाप, म्हणू लागली. रात्रंदिवस ती असायची कुडाअप्पाच्या खांद्यावर. ती कुणाची, हे विचारायची आमच्यात रीत नव्हती. पण तिचे बाहेर आलेले कान आणि दिंगिराळचे कान पाहिले की विचारायची गरजही नव्हती.

मुतू नऊ वर्षांची असताना गोरा साहेब वही तपासायला आला. कोवळा पोरगा होता, नाकाची सालं निघालेली, आणि आमची भाषा पुस्तकातून शिकून आलेला. माझ्या ओसरीवर मठातून मागून आणलेली खुर्ची मांडली, तिच्यावर पांढरं कापड पसरलं. साहेब बसला, नारळपाणी प्यायला, आणि एकेक घर पुढे बोलवायला लागला. सगळं गाव अंगणात उभं होतं.

वरच्या गावात काय झालं ते आदल्याच दिवशी माझ्या कानावर आलं होतं. तिथल्या आराच्चीला साहेबाने विचारलं, “या घरातला हा दुसरा पुरुष कोण?” तो म्हणाला, “भाऊ.” साहेबाने मान डोलवली आणि लिहून टाकलं. लग्न न झालेला जवान भाऊ एकाच घरात, म्हणजे बाईला दोन नवरे, असा त्याचा साधा हिशेब. दुपारपर्यंत त्या आराच्चीचं पद गेलं होतं. आमच्या घराण्यात हे पद चार पिढ्या होतं. आराच्चीला रस्त्याची सक्ती नसते. पद गेलं तर मलाही टोपली घेऊन त्या रांगेत उभं राहावं लागलं असतं. खरं सांगायचं तर मला इतकंच दिसत होतं. माझ्या डोक्यावरची टोपली.

हेतुहामींचं घर पुढे आलं. एतनाला मी शिकवून ठेवलं होतं, तिने थोरल्याकडे बोट केलं. साहेबाने वही पाहिली आणि “बरोबर” म्हणाला. मग त्याची नजर दिंगिराळकडे गेली. मुतू त्याच्या कमरेच्या वस्त्राला धरून उभी होती.

“आणि हा मनुष्य कोण आहे?”

हेतुहामी जमिनीकडे बघत राहिला. एतनाने पदराचं टोक तोंडात धरलं. साहेब माझ्याकडे वळला.

“नोकर आहे, साहेब,” मी म्हणालो.

ते कुठून आलं मला माहीत नाही. आधी ठरवलेलं नव्हतं, एवढी शपथ मी घेऊ शकतो; पण त्याने काय फरक पडतो?

“यास वेतन काय मिळते?”

“जेवण आणि वर्षाला दोन वस्त्रं.”

“हा निद्रा कोठे करतो?”

“शेतातल्या माळ्यावर, साहेब. रानडुकरं राखायला.” एकदा सुरू झालं की खोटं बोलणं किती सोपं जातं!

साहेब खूश झाला. नोकर असेल तर रस्त्याच्या यादीत तसं लिहिलेलं असावं, म्हणजे कामाला मालक जबाबदार, असं म्हणून त्याने यादी मागवली आणि माझ्याच हातात टाक दिला. मी दिंगिराळचं नाव खोडलं आणि नव्याने लिहिलं. तो जवळ येऊन उभा होता. त्याला वाचता येत होतं, हे त्या अंगणात मला आणि त्यालाच आठवत असावं.

“अक्षर छान आलंय, राळहामी,” तो हळूच म्हणाला.

सगळं गाव मला मानाने राळहामीच म्हणतं. त्याने मात्र त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं, आणि पुढे कधी अय्या म्हटलं नाही.

साहेब पुन्हा कधीही येईल, या धास्तीने दिंगिराळ खरंच माळ्यावर राहायला गेला. एक पावसाळा काढू, मग बघू, असं दोघे भाऊ म्हणाले. सात पावसाळे गेले. एतना भाकरी बांधून पाठवायची. मुतूला बजावलं होतं, चारचौघांत कुडाअप्पा म्हणायचं नाही. शहाणी पोर, तिने म्हटलं नाही. साहेब काही परत आला नाही. पण यादी दरवर्षी नवी उतरवून काढावी लागे आणि दरवर्षी मी ते तसंच उतरवून काढी. बदलायचं तर कचेरीत जाऊन सांगावं लागलं असतं की पूर्वी मी खोटं लिहिलं. तेवढी हिंमत कधी झाली नाही.

मुतू सोळा वर्षांची झाली आणि खालच्या गावच्या आराच्चीने, सुद्दाहामीने, आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली. मोठं घर, कॉफीची बाग, दारात बैलगाडी. एवढ्या वरच्या घराने आमच्या उतरणीकडे कसं पाहिलं, याचं सगळ्यांना नवल वाटलं. सुद्दाहामीनेच ते मला विडा चघळत सांगितलं.

“अहो राळहामी, आम्ही काही आंधळेपणाने आलो नाही. रस्त्याची यादी माझ्याकडे असते ना! तुमच्या गावात नोकर ठेवणारं घर एकच. म्हटलं, बोलत नाहीत, पण खाऊनपिऊन सुखी आहेत.”

मी हसलो. दुसरं काय करणार होतो? पान तोंडात तसंच राहिलं.

लग्नाच्या आदल्या सकाळी मी माळ्यावर गेलो. दिंगिराळ वेताच्या दोऱ्या वळत बसला होता. लग्नात न्यायच्या कावडींसाठी लागणार होत्या. त्याचे केस पिकले होते. मी खालीच उभा राहिलो.

“वर या की, राळहामी.”

“नको. इथूनच बोलतो.” मला वर चढवेना. धाकट्या भावाला मारतात तशी मी हाक मारली. “मल्ली, उद्याच्या वहीत मुलीच्या बापाचा रकाना आहे. मी तुझं नाव लिहिणार. मग कचेरीत जाऊन सगळं खरं सांगणार. पद जाईल, जाऊ दे. ठरवलंय मी.”

मी हे रात्रभर घोकलं होतं. तो ऐकून रडेल, निदान दोरी तरी बाजूला ठेवील, असं मला वाटलं होतं. त्याने दोरीला पीळ दिला.

“आणि सुद्दाहामी ते वाचणार?”

“वाचू दे. बाप तो बापच.”

“दिंगिराळ कोण, म्हणून तो आपली यादी काढून बघेल. मग काय दिसेल त्याला?” तो शांतपणे म्हणाला. “नोकराची पोर म्हणून जाईल ती त्या घरात. जाईल कसली, अंगणातूनच परत पाठवतील.”

“मी समजावून सांगीन त्याला. भाऊ आहे म्हणून सांगीन.”

“म्हणजे मग आईला दोन नवरे. ते त्याला चालेल? तोही सरकारचाच माणूस.” त्याने दोरीचं टोक दातात धरून गाठ आवळली. “अय्याचंच लिहा. तुम्हाला आता हलकं वाटायला हवंय, ते समजतं मला. पण त्याची किंमत पोरीने का द्यायची?”

सात वर्षांनी गोळा केलेलं धैर्यसुद्धा माझ्याच कामाचं होतं, त्याच्या नव्हे. खाचरांच्या बांधावरून घरी येताना मला स्वतःची इतकी लाज वाटली की समोरून येणाऱ्या बायकांना वाट देताना मी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मी बापाच्या रकान्यात हेतुहामी लिहिलं. नवऱ्यामुलाने सही केली, मुतूने फुली मारली. दूधभात झाला, गोडाधोडाच्या टोपल्या कावडींना टांगल्या. निघायची वेळ झाली तशी सुद्दाहामीने आवाज दिला.

“हेतुहामी, आमची माणसं कमी पडतायत. तुमच्या नोकराला पाठवा की एक कावड घेऊन!”

हेतुहामी काहीतरी सबब शोधायला लागला. तोवर दिंगिराळ पुढे झालाच होता. धुतलेलं पांढरं वस्त्र तो नेसला होता, बापाने लेकीच्या लग्नात नेसावं तसं, पण तेवढं कुणाच्या लक्षात येणार? त्याने कावड खांद्यावर घेतली आणि ओझेकऱ्यांच्या रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला.

आमच्यात निघताना मुलगी वडीलधाऱ्यांच्या हाती विड्याच्या पानांची जुडी देते आणि गुडघे टेकून नमस्कार करते. मुतूने हेतुहामीला केला. आईला केला, तेव्हा दोघी रडल्या. हातात एक जुडी उरली होती. ती घेऊन मुतू उठली आणि सरळ अंगण ओलांडून ओझेकऱ्यांकडे चालू लागली.

सुद्दाहामी चकित होऊन बघायला लागला. “अगं, तिकडे कुठे? नोकराला?”

मुतू दिंगिराळच्या समोर जाऊन थांबली. गुडघे वाकवणार एवढ्यात तो मागे सरला. दोन्ही हातांनी त्याने कावडीची काठी धरली, पानं घ्यायला हात मोकळा राहू नये म्हणून.

“हामिने,” तो म्हणाला, नोकरमाणसं घरच्या लेकींना म्हणतात तसं. “इकडे नव्हे. राळहामी तिकडे उभे आहेत.”

मुतू वळली, माझ्यापाशी आली, ती जुडी माझ्या हातात ठेवली आणि माझ्या पायांवर डोकं टेकलं. मी आशीर्वाद दिला. तोंडातून काय शब्द गेले, देव जाणे.

वाजंत्री सुरू झाली. माणसं पाऊलवाटेने उतरायला लागली, मागून कावडी निघाल्या. सगळ्यांच्या शेवटी दिंगिराळ, ओझं सांभाळत, पुढच्याशी पावलं जुळवत. मी ओसरीवर उभा होतो. हातातली पानं मला खाववेनात आणि खालीही ठेववेनात.