दोघांवर गेलेली पोर

मी एक टोपी. जीन्सच्या कापडाची, रुंद काठाची. राहणार कामरगाव.

पण आधी मी नरेंद्रची पँट होते. त्याला लेक झाली, पौर्णिमा. पांढरे केस, गुलाबी कातडी, उजेडात मिटणारे डोळे. शेजारच्या बाया यायच्या आणि विचारायच्या, "कोणावर गेली व हे?" नरेंद्रची आई, बेबीताई, तोंड फिरवायच्या. तीन वर्षं नरेंद्रने लेकीला चारचौघांत उचललं नाही. त्याची बायको नीलिमा सगळं गिळून राहिली.

मग अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "हिच्या अंगात रंग तयार होत नाही. हे आईबाप दोघांकडून येतं. दोष कुणाचाच नाही. उन्हाला मात्र जपा."

परतीच्या बसमध्ये नरेंद्रने पौर्णिमाला मांडीवर घेतलं ते उतरेपर्यंत सोडलं नाही. घरी येऊन त्याने मला नीलिमापुढे ठेवलं. "जाड कापड हाय. पोरीले टोपी शिव."

नीलिमाने अंदाजानेच कात्री चालवली आणि माझा जन्म झाला.

दिराच्या, संघदीपच्या लग्नात फोटो निघत होता. कुणीतरी म्हणालं, "पोरीले मांगं बसवा."

नरेंद्र उठला. "काहून? पुढंच बसंन. आमा दोघांवर गेली ते."

बेबीताईंनी सरकून नातीला आपल्याजवळ जागा दिली. त्या फोटोत मी आहे, जराशी तिरपी. पण काय ताठ!

पौर्णिमाला फळा दिसायचा नाही. पुस्तक नाकाशी धरून ती शिकली. नीलिमाने मला दोनदा पट्टी जोडून मोठं केलं. आता पौर्णिमा कारंजाच्या कॉलेजात जाते.

आज सकाळी पौर्णिमाबद्दल ऐकून पोहरादेवीकडच्या सोजरबाई आल्या. पदराखाली नात झाकलेली. तीही तशीच, दुधासारखी.

"मावशी, पदर काढा. पाहू द्या आमाले," पौर्णिमा म्हणाली. बाळाने तिची पांढरी वेणी मुठीत धरली, अन् सोजरबाईंना रडू फुटलं.

टोपी शिवायची ठरली. पण माझं माप कुठे लिहिलेलंच नव्हतं. "हेच उसवा लागते," नीलिमा म्हणाली, आणि तिचा हात अडला. पौर्णिमाने हळूच कात्री घेतली.

मागून जोडलेल्या पट्ट्या आधीच निघाल्या, आता काठ सुटलाय. घेरही सुटत आलाय. माझे तुकडे नव्या कापडावर मांडून नीलिमा खडूने रेघ ओढते आहे.

बाई गं, रेघ जरा बाहेरून ओढ. पोर वाढणार आहे.