दूत बोलल्याशिवाय

चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी टेकडीवर काय काय होतं, ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. रबराच्या तलवारी तीनशे चाळीस. प्लास्टिकची चिलखतं ऐंशी. घोडे सहा, त्यांतला एक आंधळा. तुटके हात बावीस, सगळे उजवे. खोटं रक्त बाराशे लिटर. पटकथेची पानं अकरा. त्या अकरा पानांत मिळून बोलायचे शब्द दोनशे सात होते आणि त्यांत 'मारा' हा शब्द एकेचाळीस वेळा होता.

रक्त मी बनवलेलं. मेक्सिकोतल्याच साकातेकास शहरात रसायनशास्त्र शिकून मी नुकतीच गावी परतले होते आणि राजधानीहून आलेल्या या मंडळींना रक्त बनवणारं कुणीतरी हवं होतं. मक्याचा पाक, कोको, लाल रंग, थोडं पीठ. दिग्दर्शक दामियान यांना ते कधी पातळ वाटे, कधी घट्ट. मग मी तिरक्या फरशीवर थेंब सोडून वेळ मोजायला लागले. वीतभर अंतर चार सेकंदांत कापणाऱ्या थेंबाला त्यांनी पसंती दिली. पाक गोड असल्यामुळे मधमाश्या आल्या आणि चावल्या. 'रक्तशिखर' या चित्रपटात खऱ्या जखमा झाल्या त्या तेवढ्याच.

गोष्ट म्हणाल तर स्पॅनिश शिपाई आणि डोंगरातले लोक यांच्यातली जुनी लढाई. ते कशासाठी लढले, हे अकरा पानांत कुठेच नव्हतं. मी विचारलं.

"नोएमी, कारण कंटाळवाणं असतं गं," दामियान म्हणाले. "प्रेक्षकाला मुंडकं हवं असतं."

फौज म्हणून आमचंच गाव घेतलं होतं. दर ऑगस्टच्या उत्सवात याच टेकडीवर आम्ही जुन्या स्पेनमधले मूर, म्हणजे मुसलमान, आणि ख्रिस्ती यांची लढाई खेळतो. पणजोबा मूर असतील तर पणतूही मूर. मूरांचा सरदार चोन लोहार तीस वर्षं हरत आला आहे आणि त्याला त्याचा अभिमान आहे. माझे बाबा, एव्होदिओ, दूत आहेत. लढाईआधी दूताने दोन्ही फौजांच्या मध्ये उभं राहून दोनशे चाळीस ओळी बोलायच्या: कोण आलं, का आलं, काय मागितलं, काय नाकारलं. हे भाषण कागदावर उतरवत नाहीत. एका दूताने ते पुढच्या दूताला तोंडी द्यायचं असतं. बाबांकडून ते कुणी घेतलेलं नाही, कारण घेण्याजोगी पोरं सगळी सीमेपलीकडे अमेरिकेत कामाला गेली. आणि बाबांच्या फुप्फुसांत चांदीच्या खाणीची सव्वीस वर्षांची धूळ आहे. पुढच्या ऑगस्टला ते उभे राहू शकतील, असं डॉक्टरांना वाटत नव्हतं.

भाषण रेकॉर्ड करायला मी फोन त्यांच्यापुढे धरून पाहिला होता.

"समोर फौज नाही आणि दूत बोलतोय? कुणाशी? फोनशी?" ते म्हणाले.

पहिल्या दृश्याला ढोल वाजले. दामियान ओरडले, दोन्ही फौजा आरोळ्या ठोकत धावल्या आणि वीस पावलांचं अंतर राखून जागच्या जागी थांबल्या. तलवारी खाली टेकल्या.

"काय झालं? थांबलात का?"

"दूत कुठाय?" चोनने विचारलं.

"कसला दूत? मारामारी करा!"

"न बोलता? आम्ही काय दारूच्या गुत्त्यात आहोत?"

"अरे, तो तुझा शत्रू आहे!"

"हा माझा व्याही आहे, साहेब. याला मारायचं तर कारण सांगा की काहीतरी."

"पोरीच्या लग्नात डुक्कर लहान कापलं होतंस, तेवढं पुरे की," व्याही म्हणाला. तीनशे माणसं हसली, पण पाऊल कुणी पुढे टाकलं नाही.

असं पाच वेळा झालं. चौथ्या वेळी लोकांनी खरंच प्रयत्न केला, पण पाय आपोआप थांबले. शेवटी दामियान यांनी बाबांना बोलावलं. बाबा सावलीत मेलेल्यांच्या रांगेत बसले होते, कारण त्यांना धावायचं काम देता येत नव्हतं.

"आवाजही घेणार का?" बाबांनी विचारलं.

"अक्षर न् अक्षर, दॉन एव्होदिओ. चित्रपटात राहील."

बाबा अकरा मिनिटं बोलले. त्यानंतर फौजा अशा भिडल्या की बावीस हात पुरले नाहीत.

"आता मेलो तरी चालेल. भाषण राहिलं," घरी आल्यावर बाबा म्हणाले.

"मग सिनेमा बघायला तुमचं भूत जाणार का?" आई म्हणाली. "सूप प्या आधी."

जूनमधल्या एका रविवारी दुपारी चर्चच्या सभागृहात गावासाठी खेळ ठेवला. दामियान पहिल्या रांगेत होते. चोन प्रोजेक्टरजवळ बसला होता. बाबांनी दूताची निळी टोपी घातली होती. ढोल वाजले, फौजा धावल्या, समोरासमोर थांबल्या. पडद्यावर बाबांनी तोंड उघडलं आणि त्यांचं मुंडकं उडालं. रक्तही माझं नव्हतं, संगणकाचं होतं. फार पातळ.

मी उठून दामियान यांच्याकडे गेले. "भाषण कुठाय?"

"काढलं गं. वेग जात होता."

"मूळ रेकॉर्डिंग?"

"एवढं सगळं कोण साठवतं?"

बाबा मांडीवरच्या हातांकडे बघत होते. मागून आई मोठ्याने म्हणाली, "डोकं कुणाचं उडवायला हवं होतं, ते या माणसाला कळलं नाही."

तेवढ्यात पडद्यावरची लढाई उलटी पळायला लागली. तुटलेले हात माणसांना परत चिकटले. बाबांचं मुंडकं धडावर येऊन बसलं. वीस पावलांवर समोरासमोर उभ्या असलेल्या दोन फौजांवर चोनने चित्र थांबवलं.

"दूत बोललेला नाही. पुढे जाता येणार नाही," तो म्हणाला.

खुर्च्या सरकल्या. मूर डाव्या भिंतीला गेले, ख्रिस्ती उजव्या. कुणी सांगितलं नव्हतं. मध्ये दामियान एकटे उरले.

"अहो, अजून एक तास बाकी आहे," ते म्हणाले.

"बसा, साहेब," चोनचा व्याही म्हणाला. "निदान कारण तरी ऐका."

बाबा पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. मग माझ्याकडे बघून मान हलवली. मी फोन सुरू केला.

ते अठरा मिनिटं वीस सेकंद बोलले. चौदा वेळा खोकले. रेकॉर्डिंगमध्ये दोनशे चाळीसपैकी दोनशे एकतीस ओळी स्पष्ट ऐकू येतात.