परातीतली होडी

सकाळपासून अख्खी वाडी मारुतीच्या पारापुढे लोटली होती. चार दिवसांपूर्वीच्या वादळात निम्म्या घरांचे पत्रे उडून प्रवरेच्या पात्रात पडले होते. ते उचलून आणायला माणूस मिळत नव्हता. गावात आलेल्या वादळबाबाचा चमत्कार बघायला मात्र लोक पिंपळावर चढले होते.

पाण्याने भरलेल्या परातीसमोर नावाडी कचरूच्या विधवेला, राहीबाईला बसवलं होतं. परातीत कागदाची बोटभर होडी, शेजारी जळत्या कापराचा धूर. बाबाने ती सोडली आणि ना वारा, ना वल्हं, होडी सरसरत आली ती थेट राहीबाईच्या बाजूला टेकली.

"ओम् फट् स्वाहा! दावली वैरीण!" वादळबाबा गरजला. "बारा वर्सं कचरू भोई नदीच्या तळाशी तडफडतोय. त्याच्या उसाशानं वादळं उठत्यात! ह्या बाईनंच होडीचं बूड फोडून नवऱ्याला बुडवलं. ही गावात हाय तवर एक पत्रा टिकायचा न्हाई!"

"आजच्या आज गाव सोड!" गर्दी ओरडली. सर्वांत मोठा आवाज दीर रंभाजीचा. श्रीरामपूरहून बाबाला त्यानेच आणलं होतं. कचरूमागे राहीबाई एकटीने माणसं पैलतीरी सोडत होती. ती गेली की नदीवरची होडी रंभाजीच्या हाती आयती येणार होती. राहीबाईला हे कळत होतं, पण देवानेच बोट दाखवल्यावर तिचं ऐकणार कोण?

तेवढ्यात शाळेचे आसाराम मास्तर पुढे आले. "बाबा, परात तीनदा राखेनं घासली. तेल लावलेल्या हातानं शिवू नका म्हणालात. तेलाचंच एवढं वावडं का?"

"तेल शनिदेवाचं! हितं चालत न्हाई," बाबा खेकसला. शनीचं शिंगणापूर पाच-सहा कोसांवर. लोकांनी निमूट माना डोलावल्या.

"राहीबाई, तेल लावलेल्या केसांवरून बोट फिरवा आणि बुडवा पाण्यात," मास्तर म्हणाले.

बाबा झेपावला, पण बोट बुडालं होतं. पुन्हा सोडलेली होडी जागची हलेना. मास्तरांनी ती उलटी करून मागे चिकटवलेला पांढरा खडा लोकांना हुंगायला दिला.

"कापूर! तो पाण्यात पसरतो, मागच्या पाण्याची ओढ कमी होते आणि पुढचं पाणी होडीला ओढून नेतं. तोंड कराल तिकडे जाते. तेलाचा तवंग आला की खेळ खलास. वास लपवायला हा कापराचा धूर!"

त्यांनी परात घासली, पाणी बदललं, होडीचं तोंड बाबाकडे केलं. होडी बाबाच्याच बाजूला जाऊन टेकली. पोरं खिदळली. बाबा झोळी शोधू लागला.

राहीबाई उठली. ती गर्दीकडे वळली.

"त्यो लबाडच हाय. पर तुमी का मानलं? त्या दिशी आभाळ काळं झाल्तं. कचरू होडी सोडत न्हाई म्हनत हुता. नेवाशाचा बाजार बुडंल म्हनून तुमीच धा जनांनी त्याला धरून नेला. रंभाजी, तूबी हुतास. तुमाला पल्याड सोडलं आन् माघारी येताना बुडाला माजा धनी."

रंभाजी पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

"वादळ हवेचं असतं, मेलेल्या माणसाचं नाही," मास्तर म्हणाले. "आपली चूक झाकायला आपल्याला भूत लागतं, म्हणून असे बाबा गावोगाव पोसले जातात. पुढच्या वेळी हात जोडण्याआधी विचारा, हे घडतं कसं? आणि एखाद्या बाईला गावाबाहेर काढायला निघालात, तर आधी स्वतःला विचारा, आपण काय केलं होतं?"