वरची चार मिनिटं

दोन बेटांवरच्या विमानतळांमधलं अंतर एकशे सहा किलोमीटर, आणि नऊ माणसांचं ते छोटं विमान ते अठ्ठावीस मिनिटांत कापायचं. एवढ्याशा विमानात माणसालाही सामानासारखं तोलावं लागतं. काट्यापाशी बसणारी ताई बारा वर्षं तेच काम करत होती. कुणी पोट आत ओढून उभं राहिलं की म्हणायची, "श्वास सोडा, काट्याला फसवता येत नाही."

एका दुपारी वजन जास्त भरलं. कुणाला तरी उतरवणं भाग होतं. प्रवाशांत तिचा धाकटा भाऊ होता, पलीकडच्या बेटावर आपल्या घरी निघालेला. भावाला बसवून परक्याला उतरवलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून तिने त्यालाच थांबवलं. "बरं, बोटीने जातो," म्हणत तो हसला. ती बोट पोचलीच नाही.

पंधरवड्याने विमानाचा कॅप्टन तिच्या टेबलाशी आला. "ताई, काटा तपासून घ्या. जाताना अर्ध्या वाटेनंतर विमान जड लागतं. रोज बत्तीस मिनिटं होतात. येताना मात्र अठ्ठावीस."

"समोरून वारा असेल."

"आज तर पाठीशी होता."

काटा तपासला, बरोबर निघाला. इंजिन उघडून पाहिलं, त्यातही खोट नव्हती. वरची चार मिनिटं काही सुटेनात. ताईची झोप उडाली.

एका सकाळी प्रवाशांच्या वजनांचा तक्ता भरताना तिच्या हाताने आपसूक भावाचं वजन लिहिलं. तिने ते खोडलं नाही. तेवढी एक जागा रिकामी ठेवली, काटा सोबतिणीच्या हवाली केला आणि त्या जागेशेजारी स्वतः जाऊन बसली.

अर्धी वाट सरली. खाली नुसतं पाणी होतं. इंजिनाचा आवाज घोगरा झाला आणि शेजारच्या खुर्चीची गादी हलकेच दबली. ताईने मान वळवली नाही. तिचा धीरच झाला नाही. खुर्चीच्या दांडीवर तेवढा हात ठेवला. दांडी ओली होती, गारठलेली.

उतरल्यावर ती थेट भावजयीच्या दारात गेली. बोट बुडाल्यापासून तिने तिला तोंड दाखवलं नव्हतं.

"त्याला मीच उतरवलं गं," तिने उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"माहीत आहे, ताई. बोटीत चढायच्या आधी त्यांचा फोन आला होता. म्हणाले, तिचा चेहरा एवढासा झाला होता, तू भेटलीस की विषय काढू नकोस."

ताई उंबऱ्यावरच बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. भावजय तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रडणं ओसरल्यावर ताई उठली, आत आली आणि दार लोटू लागली.

"राहू द्या उघडं," भावजय हळूच म्हणाली. "विमान उतरलं की थोड्या वेळात येतात ते."