धरणाकाठची खालची वाट

मित्रांनो, तुम्ही मला तुडवून पुढे जाता आणि मागे वळूनही पाहत नाही, याचा मला मुळीच राग नाही. मी पायवाट आहे. तुडवलं जाणं हाच माझा जन्माचा धंदा. उलट महिनाभर कोणी फिरकलं नाही, की माझ्या अंगावर गवत माजतं आणि मी हळूहळू नाहीशी होऊ लागते.

फैजपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी एक लहानसं धरण आहे. एका अंगाला मातीची भिंत आणि बाकी सगळीकडे साग, सालई, अंजनाचं जंगल. दुष्काळी कामावर ही भिंत बांधली गेली, तेव्हा डोक्यावर घमेली घेऊन ये-जा करणाऱ्या बायांच्या अनवाणी पायांनी मला घडवलं. ना आराखडा, ना उद्घाटनाची फीत. पुढे धरण भरलं आणि मी पाण्याला वळसा घालून सहा किलोमीटर लांब झाले. माझ्या दोन शाखा आहेत. वरची वाट जंगलातून चढ-उतार करत जाते. खालची पाण्याच्या कडेकडेने जाते, पण वर्षातले आठ महिने ती पाण्याखालीच असते. चैत्र-वैशाखात पाणी ओसरलं, की ती कोरडी होऊन वर येते. ही गोष्ट त्या खालच्या वाटेची आहे.

माझे खरे भाग्याचे दिवस १९८५ साली सुरू झाले. शेजारच्या गावच्या चुडामण पाटलांची मुलगी मंजुळा माझ्यावर धावायला लागली. तोवर माझ्यावर गुरं चालत, मोळीवाले चालत, जंगलखात्याचा रखवालदार पाय ओढत चालायचा. पण धावणारं कोणी नव्हतं. मंजुळा पहिल्या दिवशी धावली तेव्हा मी दचकलेच! तिचे कॅनव्हासचे बूट इतके हलके पडायचे, की वाळलेलं सागाचं पानसुद्धा पुरतं मोडायचं नाही. चढावर ती दात-ओठ खायची आणि उतारावर हात पसरून मोकळं हसायची. मला तिचा फार लळा लागला. खोटं कशाला बोलू?

शाळेतले व्यायामाचे तोताराम सर धरणाच्या भिंतीवर हातात घड्याळ घेऊन उभे राहत. गावात आधी कुजबुज झाली. मग तिने जिल्ह्याची शर्यत जिंकली आणि कुजबुज करणारेच आपल्या पोरांना माझ्यावर पिटाळू लागले. सकाळी दहा-पंधरा जण धावायचे. त्या दोन वर्षांत माझ्यावर गवताची एक काडी उगवली नाही.

१९८७च्या जूनच्या सुरुवातीला जळगावला पोलीसभरती होती. मुलींसाठी जागा अगदी थोड्या. तिचा बाप चुडामण आबा दिलदार माणूस, पण भावकीला धरून चालणारा. तो मंजुळाला म्हणाला, "भरतीत निघाली त नोकरी कर, मी कोनाचं आयकनार नही. नही निघाली त मंग लगीन. पुन्हा पयायचं नाव नही काढायचं." धावणं सोडायच्या अटीलाही मंजुळाने मान डोलवली. तिला हरण्याची भीतीच नव्हती. इतकी ती माझ्यावर तयार झाली होती.

आता मित्रांनो, आमच्या भागात वैशाखात काय चालतं ते सांगते. धरण आटलं, की केळीवाले शेतकरी बैलगाड्या घेऊन उतरतात आणि तळातला काळा गाळ खणून नेतात. हा गाळ केळीच्या बागेत टाकला, की घड दीड हात वाढतो असं ते म्हणतात. रीत अशी, की खणलेला खड्डा त्याच दिवशी बुजवायचा. त्या वैशाखात एके दिवशी चुडामण आबाने एकट्याने माझ्या खालच्या वाटेच्या कडेला खणायला घेतलं आणि चांगल्या गाळाच्या लोभाने खणत खणत तो थेट माझ्या अंगावर आला. कमरेएवढा खड्डा झाला. दिवस कलला होता, बैल तहानेले होते. बुजवायचं काम त्याने सकाळवर टाकलं. तरी माणूस निष्काळजी नव्हता. त्याने गाडीतलं केळीचं एक पान घेऊन खड्ड्याच्या काठी उभं रोवलं. बागेत उघडा खड्डा असला, की तो असंच पान रोवायचा. त्याच्या बागेतला प्रत्येक गडी ते पान पाहून बाजूने जायचा.

पण ही बाग नव्हती. हा धरणाचा काठ होता. सांजेला म्हशी पाण्यावर आल्या, त्यांनी ते हिरवंगार पान चघळून टाकलं आणि नुसता दांडा चिखलात तुडवला. खड्ड्यात खालून पाणी झिरपलं. सकाळपर्यंत तो काठोकाठ भरला आणि वर शेवाळाचा तवंग आला. ओली जमीन कुठली आणि खड्डा कुठला, काही कळेना.

आबा घरी निवांत झोपला होता. मंजुळा वरच्या वाटेने धावते हे त्याला ठाऊक होतं. पण भरतीला आठच दिवस उरले होते आणि जळगावचं मैदान सपाट. म्हणून तोताराम सरांनी तिला त्या सकाळी खालच्या सपाट वाटेने धावायला सांगितलं होतं.

मला ती दुरून येताना जाणवली. नेहमीचीच हलकी पावलं, आणि वेग तर कधी नव्हता इतका. मी ओरडू शकत नाही. बाजूला सरकू शकत नाही. त्या क्षणी मला माझ्या जन्माचा पहिल्यांदा राग आला. तिचा डावा पाय खड्ड्यात गेला, गुडघा उलटा फिरला, आणि हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या अंगात ऐकला.

सर धावत आले. गावात निरोप गेला आणि चुडामण आबा गाडी जुंपून आला. त्याने खड्डा पाहिला. मग चिखलातला तो दांडा पाहिला. तो खाली वाकला, दांडा उचलला आणि लांब पाण्यात भिरकावला. मग मुलीला उचलून गाडीत घातलं. वळूनही न पाहता त्याने बैल दामटले. सरांना वाटलं, बापाचं काळीज आहे.

गावात विचारणा झाली. काठावर जीवराम नावाचा परगावचा वीटवाला माती काढायचा. खड्डा त्याचाच असणार असं धरून लोक त्याच्या झोपडीवर गेले आणि त्याच्यावर तुटून पडले. जीवराम हात जोडून म्हणत होता, "देवाची आन, मी तिकडे खनलंच नही." चुडामण आबा गर्दीत मागे उभा होता. त्याने तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी जीवरामने बायको-पोरांना घेऊन गाव सोडलं.

मंजुळाचं हाड जुळलं, पण गुडघा पुन्हा पुरता वाकला नाही. भरती निघून गेली. वर्षाच्या आत भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या एका बिजवराशी तिचं लग्न लागलं. इकडे लोकांनी आपापल्या पोरांचं धावणं बंद केलं. मी अवलक्षणी वाट ठरले. वरच्या वाटेवर घाणेरीची झुडपं वाढली. फक्त चुडामण आबा येत राहिला. दर उन्हाळ्यात, दर संध्याकाळी तो फावडं घेऊन यायचा आणि कोणीही खणलेले खड्डे एकटा बुजवायचा. लोक हसायचे. म्हणायचे, आबाला गाळाचं खूळ लागलं.

अशी नऊ वर्षं गेली. १९९६च्या आखाजीला मंजुळा माहेरी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकींचा सण. गावातल्या सगळ्या लेकी निंबाच्या झाडाखाली झोके घेत गाणी म्हणत होत्या. मंजुळा झोक्यावर बसली नाही. ती लंगडत लंगडत माझ्यावरून खाली आली. आबा खड्डा बुजवत होता.

"आबा, बसा थोडंसं. घामाघूम झाले तुम्ही."

"दोन गड्डे राह्यले. बुजवतो अन् बसतो."

"दुसऱ्यायचे गड्डे किती वर्सं बुजवान?"

आबा फावडं आणखी जोरात मारू लागला. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मले माहीत व्हतं, आबा. त्याच दिवसापासून. मी चिखलात पडली व्हती, पन माहे डोये उघडे व्हते. तुम्ही केयीचा दांडा पान्यात फेकला तो मी पाह्यला."

फावडं आबाच्या हातातून गळून पडलं.

"मंग बोलली काहून नही, माय?"

"तुम्ही सांगसान म्हनून थांबली. पाय मोडला त्याचं मले येवढं नही वाटलं, आबा. जीवराम गाव सोडून गेला तवाबी वाटलं, आता सांगतीन. लगनात हयदीच्या दिवशी वाटलं, आता सांगतीन. नऊ वर्सं झाली."

चुडामण आबा तिथेच मातीत बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मंजुळाने हात पुढे केला. मला वाटलं, ती त्याच्या डोक्यावर ठेवील. तिने फावडं उचललं आणि आखडलेला पाय बाजूला टाकून उरलेला खड्डा बुजवायला घेतला. तिला थांबवायचं बळ त्याच्यात नव्हतं. खड्डा भरला, तिने वरून माती चोपली आणि एकटीच घराकडे निघाली. त्या पावसाळ्यात आबा गेला. त्यानंतर ती या काठाला आलेली नाही.

मित्रांनो, वाटेवर खड्डा खणलात तर घरी जायच्या आधी बुजवा, एवढं तर मी सांगेनच. पण चूक कोणाकडूनही होते. तुमच्या खड्ड्यात कोणी पडलं, तर त्याच दिवशी त्याच्यापाशी जा आणि म्हणा, तो माझा होता. ते माणूस कदाचित तेवढ्याचसाठी थांबलेलं असेल. मी सगळं पाहिलं होतं, पण मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.