कोपराने दाबायचा साबण

माझा नातू रवळू तीन महिन्यांचा असताना त्याने आईचं दूध सोडलं. आम्ही तोडलं नाही, त्यानेच सोडलं. त्याची आई, म्हणजे माझी लेक जया, बाळंतपणानंतर निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत परत कामाला लागली आणि चौथ्या दिवशी पोराने तोंड फिरवलं. जवळ घेतलं की अंग ताठ करायचा, मुठी आवळायचा आणि रडून घर डोक्यावर घ्यायचा.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. वखारीत बायका दिवसभर पाल्यातून काड्या वेचतात, चुरा चाळतात. त्यांच्या हातांवर काळा चिकट थर बसतो आणि तो कडू असतो, कडू म्हणजे जहर. राखेने घासा, मातीने घासा, काळेपणा जातो, कडूपणा जात नाही. मी जयाला म्हटलं, तू हातच लावू नको, मी पोराला धरते, तू नुसती बस. तसंही करून पाहिलं. पण तान्ह्या पोराला दूध पिताना आईचं बोट लागतं. रवळू चाचपडत तिचं बोट शोधायचा, धरायचा, तोंडात घालायचा, की झालं! पुढचा अर्धा तास आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसायचो.

शेजारणी म्हणाल्या, काम सोडायला सांग. सांगायला काय जातंय? जावई लढाईवर गेलेले. कुठे आहेत हे त्यांना पत्रातही लिहिता येत नव्हतं. माझ्या मालकांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, पण लढाईमुळे ना टायर मिळत होते ना ट्यूब. जुन्या ट्यूबांना ठिगळांवर ठिगळं लावत ते बसायचे. आणि वखारीत एकदा नाव कापलं की पुढच्या हंगामापर्यंत मुकादम दारात उभं करत नसे. आम्ही शेळीचं दूध कापसाच्या बोळ्याने पाजत होतो, पण ते रवळूला पचेना. त्याच्या मांड्यांची कातडी सैल पडली. अंघोळ घालताना ती माझ्या हाताला लागायची आणि मग मी कुणावर तरी ओरडायची.

ओरडणं हा माझा स्वभावच. मालकांचं नाव केदारी. या वयात आता ते घ्यायला मला लाज वाटत नाही. ते म्हणायचे, ‘‘तारे, समद्या सायकलींना ब्रेक लावले मी, तुझ्या तोंडाला तेवढा लावायचा ऱ्हायला.’’

मी ठरवलं, पोराचं नंतर बघू, आधी हात धुवायचे. माझं माहेर बेळगावजवळच्या शहापूरचं, शेजार सगळा विणकरांचा. सुताचा रंग लागलेले हात तिथे चिंचेने धुतात, एवढं मला माहीत होतं. मी रिठे फोडून रात्रभर भिजत घातले, सकाळी उकळले, त्यात चिंचेचा कोळ आणि चिमूटभर शिकेकाई घातली. पण ते पाणी हातावर ठरेना, घळघळ खाली जाई. मग जवस शिजवून त्याचा बुळबुळीत चिकट रस त्यात मिसळला आणि सगळं जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळलं. संध्याकाळी जया आली तशी तिला मोरीवर बसवून मी तीनदा हात धुवायला लावले. मग तिचं बोट मी स्वतः चाटून बघितलं. चिंच लागली, दुसरं काही नाही.

रवळूने ते बोट तोंडात घेतलं, जरा कपाळाला आठी घातली आणि चोखलं. मग दूध प्यायला. जया रडायला लागली. मी म्हटलं, ‘‘रडायचं आसंल तर मागनं रड. पोराला हिसका बसतोय.’’

पण संध्याकाळ आणि पहाट, एवढ्यानं भागणार नव्हतं. दिवसभर न पाजल्यामुळे जयाचं दूध आटत चाललं होतं. दुपारचं पाजणं सुरू झालं नाही तर आठ-पंधरा दिवसांत संध्याकाळचंही राहणार नाही, हे मला दिसत होतं. दुपारच्या सुट्टीत मी रवळूला वखारीच्या फाटकापाशी न्यायची आणि जयाच्या हातात द्यायची. फाटकाच्या आत बाहेरच्या माणसाला पाऊल टाकू देत नसत. तंबाखू लुगड्यात लपवून नेतात म्हणे. हात धुवायचा हौद अंगणाच्या पार पलीकडच्या टोकाला. तेव्हा मी माझ्या त्या रिठ्या-चिंचेच्या औषधाचं गाडगं भरून जयाबरोबर पाठवलं, सगळ्याच बायकांना होऊ दे म्हणून. मन मोठं केलं, ते नडलं.

त्या दुपारी फाटकाबाहेरून मी बघत होते. पहिल्यांदा रुक्माबाई आली. वखारीतली सगळ्यांत जुनी बाई, तीस वर्षं तिथेच काढलेली. तिने दोन्ही हात गाडग्यात बुडवले, खुशीत चोळले, हौदाच्या पन्हळीखाली धरले. तिच्यामागे एकेक करून सगळ्या. जया लांबच्या कोपऱ्यात बसायची, तिची पाळी शेवटी. तिने धुतले, येऊन पोराला घेतलं आणि रवळूने असा टाहो फोडला की मुकादम तम्मण्णा कानावर हात ठेवून आत गेला.

मला वाटलं, चिंच कमी पडली. दुसऱ्या दिवशी चिंच वाढवली. जयाच्या बोटांच्या बेचक्या सोलवटल्या. मग लिंबू घातलं. मग हळद घातली, तर सगळ्या वखारीचे हात पिवळे झाले आणि तम्मण्णा म्हणाला, ‘‘ताराबाई, लगीन कुणाचं हाय?’’ मी ताक घालून पाहिलं, बेसन घालून पाहिलं. सात वेळा औषध बदललं. रवळू सात वेळा रडला. शेवटी मी जयावर घसरले.

‘‘तूच नीट घासत न्हाईस! घरात कसं जातंय मग?’’

तिने तळवे माझ्यापुढे उघडले. बोटांमधली कातडी निघून लाल मांस दिसत होतं. मी खोबरेल लावलं आणि तोंड फिरवून चुलीपाशी गेले. चुकले म्हणायला जीभ वळली नाही, हे आजही मला टोचतं.

त्याच संध्याकाळी तिने आणलेल्या गाडग्यात तळाला थोडं औषध उरलं होतं. आंबटपणा किती राहिलाय बघावं म्हणून मी बोट बुडवून जिभेला लावलं. जीभ बधिर झाली! निव्वळ तंबाखूचं पाणी. वीस-पंचवीस बायकांनी हात बुडवले होते. प्रत्येकीने आपला कडूपणा आत ठेवून आधीच्या सगळ्यांचा बाहेर नेला होता आणि सगळ्यांत शेवटी माझी लेक. मी लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू देत नाही. लेक असो, पाहुणी असो, वसकन अंगावर जाते. आणि मीच वखारीत उघडं गाडगं मांडून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पळी दिली. सुट्टी संपेपर्यंत पळीचा दांडा काळा झाला. आधी मळक्या हाताने धरलेला, पुन्हा धुतलेल्या हातानेही तोच धरायचा. बाटली दिली, तर बुचाला तेच हात. मालक दुकानातून आले आणि मी सगळं त्यांच्यापुढे ओतलं. इतके दिवस ते मधे पडले नव्हते, कारण मी पडू दिलं नव्हतं.

‘‘औषध झकास हाय तुझं,’’ ते म्हणाले. ‘‘भांडं चुकलं.’’

‘‘मग झाकण लावू?’’

‘‘झाकण कंच्या हातानं काढशील?’’

मी गप्प बसले. तसा प्रसंग माझ्यावर फार वेळा आलेला नाही.

ते उठले आणि दुकानातून एक जुना मोटारीचा भोंगा घेऊन आले. पुणे-बेंगळूर रस्त्यावरच्या एका मोडीत निघालेल्या प्रवासी सर्व्हिस गाडीचा. त्याचा रबराचा फुगा नारळाएवढा होता, दोन ठिकाणी चिरलेला. त्या दिवसांत असलं रबर म्हणजे सोनं. त्यातून त्यांची पंधरा ठिगळं निघाली असती. त्यांनी पितळी तोंड काढलं, चिरा बुजवल्या, फुग्याच्या मानेत एक बारीक पितळी नळी बसवून तारेने आवळली. ‘‘हे उलटं टांगायचं,’’ ते म्हणाले. ‘‘कोपरानं दाबायचं. दुसऱ्या हातावर औषध पडंल. बोट कुठं लागायचं कारणच न्हाय.’’

बोलायला सोपं. पहिल्या दिवशी नळी मोठी झाली आणि कुणी न दाबताच सगळं औषध जमिनीवर. दुसऱ्या दिवशी नळी बारीक केली, तर जवसाची गुठळी अडकली. मी दाबलं, काही नाही; अजून दाबलं, काही नाही; ते वाकून नळीत बघायला गेले आणि सगळी पिचकारी त्यांच्या कपाळावर. महिन्याभरात मी पहिल्यांदा हसले. मग औषध दोनदा गाळायला लागले. नंतर त्याला रबराचा वास यायला लागला; फुगा राखेच्या पाण्यात तीनदा उकळला तेव्हा गेला. घरात मात्र आठवडाभर भाकरीलाही दुकानाचा वास येत होता.

या सगळ्यात तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत रवळूचं रडणं बारीक झालं. मोठ्याने रडायचा तेव्हा मला त्याचा राग यायचा. आता राग येईना, भीती वाटायला लागली.

चौथ्या दिवशी दुपारी मालकांनी मुकादमाला गाठलं. टांगायला माणूस आत सोडा, एवढंच मागितलं. तम्मण्णाने फुग्याकडे बघितलं.

‘‘केदारीअण्णा, ही वखार हाय का मोटार?’’

‘‘कोपर लावून बघा तर खरं,’’ मालक म्हणाले.

त्याने कोपर लावलं. तळव्यावर औषधाची एक धार पडली. त्याने वास घेतला, हात चोळले, पन्हळीखाली धरले, मग आपलीच बोटं पुन्हा हुंगली. ‘‘पाच मिनटांत आटपा,’’ तो म्हणाला आणि फाटकावरच्या माणसाला मलाही पोराला घेऊन आत सोडायची खूण केली. हौदाशेजारच्या खुंटीला फुगा टांगला गेला.

त्या दिवशी जयाला सगळ्यांनी पुढे केलं. तिने कोपराने एकदा दाबलं, दुसऱ्यांदा दाबलं. हवा आत ओढताना फुग्याने असा काही आवाज केला की बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. जया हसली नाही. तिने नखं घासली, बेचक्या घासल्या, सालं निघालेली कातडीसुद्धा सोडली नाही. मग भिंतीला टेकून बसली आणि मी रवळूला तिच्या मांडीवर ठेवलं.

त्याने नेहमीसारखा हात वर केला, तिचं बोट पकडलं, तोंडात घातलं. तो चोखत राहिला. मग बोट सोडून तो छातीकडे वळला आणि प्यायला लागला, अधाशासारखा, मधे ठसका लागला तरी न सोडता. जयाने आपला सगळा पंजा त्याच्या गालावर ठेवला. वखारीत तिने त्याला असा हात आजवर लावला नव्हता. मला फार बरं वाटलं.

मग एकच गडबड उडाली. वखारीत आणखी चार जणी अंगावर पाजणाऱ्या होत्या, त्या पुढे सरसावल्या. फुग्यात औषध थोडं. मी पहारेकऱ्यासारखी उभी राहिले. एकीला दोनदाच दाबू देत होते. त्या चौघी झाल्या आणि बघते तर रांगेत रुक्माबाई.

‘‘रुक्माक्का, तुमास्नी काय करायचं? घरात तान्हं हाय व्हय? पोरींना पुरू दे आदी.’’

‘‘व्हय गं, खरं हाय,’’ ती म्हणाली आणि बाजूला झाली. तिच्या काखेत भाकरीचं फडकं होतं.

जया बसल्या जागेवरून म्हणाली, ‘‘आई, दे की त्यास्नी.’’

‘‘खरंच ऱ्हाऊ दे, जया,’’ रुक्माबाई म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, ‘‘मला आपली भाकरी खायची हुती.’’

‘‘रोज खाताच की.’’

‘‘रोज खाती. तीस वर्सं खाती.’’ ती ओशाळं हसली. ‘‘हातानं खाल्ली तर कशी लागती बघावं म्हटलं.’’

तेव्हा मला त्या भिंतीकडे बघायचं सुचलं. वखारीतल्या बायका भाकरी पदराच्या टोकात धरून खातात. तरी पदरालाही तेच हात लागलेले, म्हणून चिमटीत उरलेला शेवटचा तुकडा त्या टाकून देतात. तो कडू झालेला असतो. भिंतीच्या कडेला तसल्या तुकड्यांचा ढीग पडला होता आणि त्याला मुंग्यासुद्धा लागलेल्या नव्हत्या. मी महिनाभर फाटकाबाहेर रोज उभी होते. मला फक्त माझा नातू दिसत होता.

‘‘दाबा,’’ मी म्हणाले. ‘‘पायजे तेवढं दाबा, रुक्माक्का. मी उद्या दुप्पट आणती.’’

तिने हात धुतले. सावकाश, दोनदा. मग सावलीत बसून फडकं सोडलं. जोंधळ्याची भाकरी, वर लसणाची चटणी. तिने पदर मांडीवरच राहू दिला आणि उघड्या बोटांनी पहिला घास मोडला. ती घाई करत नव्हती. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती, पण तम्मण्णा दारात नुसता उभा होता.

शेवटचा तुकडा तिच्या चिमटीत उरला. सवयीने हात भिंतीकडे गेला, तसाच थांबला. तिने तो तुकडा तोंडात घातला आणि कितीतरी वेळ चावत राहिली.

‘‘जोंधळा गोड असतोय गं, ताराक्का,’’ ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी जाऊन बसले.